पाखरं राहू द्यात, शिडी तेवढी उतरवा

पत्र :

ताई, नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. पुढं माडी, मागं कौलं आणि परड्याच्या अंगाला सिमेंटचा पत्रा. हे चौसष्ट वर्षांचे. उद्यमनगरात अडतीस वर्षं टर्नर होते. तरुणपणी तालमीत जायचे, त्यामुळं आपल्याला काही होत नाही असा ठाम समज. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवली, तेव्हापासून रक्त पातळ करणारी आणि बीपीची अशा दोन्ही गोळ्या चालू आहेत. पण घरात स्क्रू सैल झाला तरी दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. टाकी धुणं, कौलं सारखी करणं, स्विच बदलणं, सगळं स्वतः. गेल्या नोव्हेंबरात पक्षी सप्ताहात कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि थंडीत पाखरांना दाणे घालायचं वेड घेतलं. पत्र्यावर एक ताट, शेवग्याच्या फांदीला एक डबा, माडीच्या वळचणीला एक. रोज सकाळी साडेसहाला, चहाच्याही आधी, बांबूची शिडी लावून वर. मी खालून ओरडते, ते वरून. पुण्याच्या मुलाला फोन करायला लावला तर दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. शेवटी शिडी नणंदेकडं नेऊन ठेवली, तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ड्रमवर स्टूल ठेवून चढले. पत्र्यावर पारव्यांची घाण, परड्यात उंदीर. बुलबुलाची एक जोडी मात्र इतकी धीट झालीय की मी भांडी घासत असले की हातभर अंतरावर येऊन बसते. मी पपईची साल टाकते ती खाते. राजा-राणी म्हणते मी त्यांना. शेपटीखाली लालबुंद, डोक्यावर तुरा, बघत राहावं. ताई, दाणे घालणंच बंद करायला लावू, की पुण्याचं काम म्हणून गप्प बसू?

उत्तर :

ताई, पाप-पुण्याचं मागाहून बघू. आधी ते ड्रमवरचं स्टूल.

नणंदेकडची शिडी आजच्या आज परत आणा. मी शिडीच्या बाजूची आहे असं समजू नका, पण ड्रमवरच्या स्टुलापेक्षा कुठलीही शिडी बरी. चढायचंच ठरवलेल्या माणसाची शिडी लपवली की तो चढायचा थांबत नाही, त्याहून वाईट साधन शोधतो. तुमच्याकडं तेच झालं. उद्या स्टूल लपवलंत तर तिजोरीवर पाट ठेवतील.

आता शिडी आल्यावर तिच्याकडं जरा नीट बघा. बांबूची आहे म्हणजे पायऱ्या दोरीनं बांधलेल्या असणार, आणि दोरी उन्हापावसात कुजते. खालच्या टोकांना रबर नसेल तर शहाबादी फरशीवर ती बर्फासारखी सरकते. शिडीचा साधा हिशेब आहे: टेकायची जागा 12 फूट उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून 3 फूट हवा. चारास एक. त्याहून उभी लावली तर माणूस मागं जातो, त्याहून तिरकी लावली तर पाय निसटतो. वर उतरायचं असेल तर शिडीचं टोक त्या जागेच्या तीन फूट तरी वर यायला हवं, धरायला. आणि हातात दाण्यांची पिशवी घेऊन चढणं म्हणजे एका हातानं चढणं. दाजींना यातलं काही नवीन नाही. लेथवर अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोन आणि माप मी काय शिकवणार? पण कारखान्यातले नियम माणसं कारखान्याच्या गेटवरच ठेवून घरी येतात.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट शिडी नाहीच. वेळ आहे. साडेसहा वाजता. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे दहिवर पडतं, ते पत्र्यावर आणि कौलांवर पातळ पडद्यासारखं बसलेलं असतं. कौलांवर पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं, ते त्या ओलीनं परत जागं होतं. दुपारी बाराला ज्या कौलावर पाय घट्ट बसतो त्याच कौलावर सकाळी साबण लावल्यासारखं होतं. वर पोट रिकामं, आणि बीपीची गोळी चालू. या गोळ्यांनी काही जणांना बसल्याचं उठताना, वाकलेलं सरळ होताना डोळ्यापुढं अंधारी येते. जमिनीवर आली तर माणूस भिंत धरतो. वर काय धरणार, शेवग्याची फांदी?

शेवग्यावरून आठवलं. शेवग्यावर चढू नये हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याचं लाकूड मऊ आणि ठिसूळ, जाडजूड दिसणारी फांदीसुद्धा काडकन मोडते, वाकून इशारा देत नाही. डबा टांगायला दाजींनी परड्यातलं तेच झाड निवडावं याला काय म्हणावं!

सिमेंटच्या पत्र्याचंही तसंच. लोखंडी पत्रा पायाखाली दबतो, आवाज करतो. सिमेंटचा पत्रा काही सांगत नाही, एकदम फुटतो. जुना झालेला तर हमखास. माझा मावसभाऊ मृगाच्या आधी ताडपत्री टाकायला असाच पत्र्यावर गेला होता. वीस वर्षं त्याच पत्र्यावर जात होता म्हणे, त्यामुळं त्या दिवशीही गेला. पत्र्यातून थेट खालच्या पाट्यावर आला, खुब्याचं हाड मोडलं. एकसष्टावं वर्ष होतं. आता हातात काठी आहे आणि ताडपत्री दुसरा कोणीतरी टाकतो. त्याला मी विचारलं होतं, घसरलास का? तो म्हणाला, घसरलो असतो तर काहीतरी धरलं असतं, पायाखालचं घरच गेलं. तेव्हा पत्र्यावरचं ताट बंद. यात घासाघीस नाही. कौलं शाकारायला दरवर्षी शाकारणारा माणूस बोलवा, मजुरी द्या. आडव्या फळ्या टाकून, वासा कुठं आहे ते बघून तो पाय ठेवतो, त्याचा तो धंदा आहे.

आता पाखरं.

बंद करायला लावू नका. पण दाजींच्या मनातली एक समजूत मात्र काढावी लागेल. थंडीत पाखरं उपाशी मरतात ही बर्फाळ मुलखातली गोष्ट आहे. तिकडं जमीन बर्फाखाली जाते, किडे मिळत नाहीत, दिवस लहान, आणि रात्रभर अंग गरम ठेवायला मूठभर पाखराला दिवसा भरपूर खावं लागतं. तिथं दाण्याचा डबा हा खरोखर आधार असतो. आपल्याकडं पारा 10 च्या खाली क्वचितच जातो. शिवारात ज्वारी उभी असते, ऊसतोड सुरू असते आणि तोडीमागं उडालेल्या किड्यांवर बगळे नि कोतवाल तुटून पडलेले असतात. उंबर, पिंपळ आहेतच. तुमच्या शेवग्याला फुलं आली की शिंजीर दिवसभर तिथंच असणार. उलट थंडीत आपल्याकडं पाहुणे येतात. मध्य आशियाकडून भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात, पाणथळ काठांवर शेपूट हलवत धोबी पक्षी फिरतात. ती काही दाजींच्या ताटाच्या भरवशावर आलेली नसतात.

म्हणजे एखाद्या दिवशी दाणे घातले नाहीत तर मंगळवार पेठेतलं एकही पाखरू उपाशी राहणार नाही. हे दाजींना कमीपणा म्हणून सांगू नका, सुटका म्हणून सांगा. पडसं आहे, पाऊस आहे, सांधे धरलेत, तर तो दिवस सोडला तरी चालतो. खरी गरज लागते ती मार्चपासून पुढं, आणि तीही पाण्याची. दोन-तीन बोटं खोल, पसरट, खापराचं भांडं, सावलीत. रोज धुवून ताजं पाणी. त्याला शिडी लागत नाही.

आणि दाण्यांना तरी कुठं लागते? तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे. वर तीन-तीन ठिकाणी डबे टांगलेत, आणि तुमचे राजा-राणी येतात कुठं? भांडी घासायच्या दगडापाशी, पपईची साल खायला! बुलबुल मुळात दाणे टिपणारा पक्षी नाही. फळं, फुलांच्या पाकळ्या, किडे हे त्याचं जेवण. दाजींच्या ज्वारीशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो तुमच्याकडं येतो. दाजी वर चढून जेवढं पक्षीनिरीक्षण करत असतील त्याहून जास्त तुम्ही पाटावर बसून केलंय. (नर-मादी दिसायला सारखीच असतात, त्यामुळं राजा कोण नि राणी कोण हे तुम्हाला कसं कळलं ते मात्र जरूर कळवा.)

पाखराला उंची लागते ती मांजरापासून जीव वाचण्यापुरती. पाच-सहा फूट पुष्कळ झाली, आणि आसपास मांजराला दबा धरायला झुडूप नको. चिमणी, मुनिया, होला ही दाणे खाणारी मंडळी तर जमिनीवरसुद्धा आनंदानं टिपतात. उंचावर, मोठ्या ताटात, दिवसभर दाणे पडून राहिले की जे येतं त्याला पारवा म्हणतात. तुमच्या पत्र्यावर तेच झालंय. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढं रान उठलं होतं ते आठवत असेल. त्यातला धर्माचा आणि राजकारणाचा भाग सोडा, पण वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर काही जणांच्या फुप्फुसाला सूज येते, ती जागा निबर होत जाते, आणि मग जिना चढतानाही दम लागतो. हे खरं आहे. ती घाण कोरडी झाडू नका. पाणी मारून, नाकाला फडकं बांधून काढायची. पत्र्यावरची कोणी काढायची? शाकारणाराच. आत्ताच सांगितलं ना, घासाघीस नाही.

उंदरांचं कारणही रात्रभर सांडून राहिलेले दाणे. जुन्या पेठेतल्या मातीच्या भिंती, त्यात उंदीर, आणि उंदरामागं धामण येते. धामण बिनविषारी असते हे मला माहीत आहे, तरी परड्यात संध्याकाळी ती दिसली की तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. म्हणून दोन मुठी दाणे, तासाभरात संपतील एवढेच, उरलेलं झाडून घ्यायचं. ज्वारी, बाजरी, राळे, तांदळाची कणी, सगळं लक्ष्मीपुरीत मिळतं. कच्चा तांदूळ पाखराच्या पोटात फुगतो आणि ते मरतं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, तसं काही होत नाही. फरसाण, खारे शेंगदाणे, बुरशी आलेली भाकरी मात्र नको. भांडं आठवड्याला कढत पाण्यानं धुवून कडक उन्हात वाळवा, कारण एका आजारी पाखराची लाळ आणि विष्ठा त्याच ताटात पडते आणि बाकीचीही आजारी होतात. तुमची पपई, पेरू, केळाचा तुकडा चालू राहू दे. परड्यात फवारणी करत असाल तर तेवढी थांबवा. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या भरवते.

बाकीच्या कामांचं थोडक्यात, कारण त्यावर तुम्हीही एकेका शब्दातच लिहिलंय. स्विच बदलताना मेन बंद करायचं. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, यावर जीव टाकायचा नाही. जुन्या घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या, तो खर्च एकदाचा. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकत्र कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीत वाकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. थंडीचे दिवस आहेत म्हणून न लिहिलेलंही विचारते: न्हाणीघरात गॅस गिझर आहे का? असेल आणि खिडकी थंडीमुळं बंद ठेवत असाल, तर पाखरं-शिडी सगळं बाजूला ठेवून आधी ती खिडकी उघडा. गिझरच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळीला गेला तो बाहेर येत नाही. गिझर न्हाणीघराबाहेर बसवणं हाच खरा उपाय.

आणि देव न करो, पण पडलेच तर काय, तेही ठरवून ठेवा. धावत जाऊन उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, 108 ला फोन. त्याहून महत्त्वाचं हे की रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं तर "काही नाही लागलं" हे त्याचं मत ग्राह्य धरायचं नाही. बाहेर रक्त नसलं तरी आत हळूहळू साचू शकतं. दवाखान्यात नेऊन गोळ्यांचं नाव सांगायचं आणि डोक्याची तपासणी करून घ्यायची. पुढं दोन-चार दिवसांत डोकं ठणकणं, उलटी, पेंगुळणं, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर परत तिकडंच. गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या पाकिटात असू द्या. ती गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही.

राहिलं बोलणं. खालून ओरडणं थांबवा, ताई. शिडीवरचा माणूस दचकला तर तुमच्या हाकेनंच पडायचा. उत्तर द्यायला मान वळवतो तो क्षण सगळ्यात वाईट. चढलेत ना, मग शिडीचा खालचा भाग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गप्प राहा. पडणाऱ्याला झेलायचा प्रयत्न करू नका, दोघंही दवाखान्यात जाल. बोलायचं ते उतरल्यावर, चहा झाल्यावर. मुलाला मध्ये घालणं ही तर तुमची चूकच होती असं मी म्हणेन. ज्या बापानं पोराला सायकल शिकवली त्याला पोरानं फोनवरून "बाबा, आता वय झालं" म्हणायचं, आणि तेही आईनं लावून दिलेल्या फोनवर! दोन दिवसच गप्प बसले, मला वाटतं सोसलं त्यांनी. तुम्ही वय काढू नका. तालीम काढू नका. "तुम्ही वर गेलात की माझ्या हातातलं काम तसंच राहतं, कान शिडीकडं असतो" एवढंच सांगा, कारण ते खरं आहे, आणि त्यावर वाद घालता येत नाही.

आणि मग त्यांना काम द्या. अडतीस वर्षं ज्या हाताला लोखंड होतं तो हात रिकामा राहिला की माणूस पाना घेऊन घरभर सैल नट शोधत हिंडतो. दाजींना उंचीची हौस आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. हाताला काम हवंय, आणि ते सकाळी हवंय. तर त्यांना सांगा, मला एक खांब करून द्या. सात फुटी जीआय पाईप, वर टोकाला आडवा हात, त्याला बेअरिंगवाली कप्पी, आपल्या आडावर असायची तशी. कप्पीवरून जाड सुती दोरी, एका टोकाला दाण्यांचं ताटलं, दुसरं टोक खाली हुकाला. दोरी सोडली की ताटलं हाताशी येतं, भरलं, ओढलं की वर जातं. सगळं जमिनीवर जोडून, वेल्डिंग करून मग खांब उभा करायचा, म्हणजे तो बसवायलाही चढायला नको. बुडखा जुन्या रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून नाहीतर खड्ड्यात पक्का करायचा. मध्यावर पत्र्याचं उपडं नरसाळं बसवलं की उंदीर आणि मांजर दोघांचीही वाट बंद. ताटल्याच्या तळाला बारीक भोकं, पाणी साचू नये म्हणून. पारव्याला शिरता येऊ नये पण चिमणी जावी अशी भोवती जाळी, तिचं माप काढणं हे टर्नरचंच काम आहे. एकच बघा, खांब घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरीपासून लांब हवा, उभा करताना आडवा-तिरका गेला तरी लागणार नाही इतका लांब.

येत्या रविवारी तांबडा-पांढरा झाला, सुपारी फोडली, की कागद-पेन्सिल त्यांच्यापुढं ठेवा. ते आधी म्हणतील याची काही गरज नाही. वाद घालू नका, कागद तिथंच राहू द्या. संध्याकाळपर्यंत त्यावर रेघा दिसतील. मग ते विचारतील, ताटलं खाली किती उंचीवर यायला हवं? तेव्हा उठून उभ्या राहा आणि तुमच्या छातीपाशी हात धरा. त्यांच्या नाही, तुमच्या. का म्हणून विचारलं तर सांगा, सोमवार-बुधवार-शुक्रवार दाणे मी घालणार.